घुसखोर, बेकायदा स्थलांतरित की कागदपत्रं नसलेले? नेमका कोणता शब्द वापरायचा?

प्रश्न असा आला होता: "मी एका ठिकाणी बातम्यांचं मराठी भाषांतर करते. अमेरिकेच्या बातम्यांत 'अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट्स' असं सारखं येतं. आमच्याकडे एकजण त्याचं 'घुसखोर' करतो, दुसरा 'बेकायदेशीर स्थलांतरित', आणि मी 'कागदपत्रं नसलेले स्थलांतरित' केलं तर म्हणतात हा उगाच गोड केलेला शब्द आहे. यातलं बरोबर काय? उदाहरण म्हणून हे एक वाक्य, 'अमेरिकेत एक कोटीहून जास्त अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट्स राहतात.'"

ताई, तुमच्या वाक्यात 'घुसखोर' चालणार नाही, आणि हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, अर्थच चुकतो म्हणून सांगतोय. बाकी दोन्ही शब्द चालतील पण दोघांनाही थोडी दुरुस्ती लागेल.

आधी घुसखोर बघू कारण खरा घोळ तिथेच आहे. घुसणे हे क्रियापद आणि त्याला खोर. हे खोर फारसीतलं, खाणारा असा त्याचा मूळ अर्थ, म्हणून लाचखोर म्हणजे लाच खाणारा, आणि आपण मराठीत अजूनही पैसे खाल्ले असंच म्हणतो ना. पण मराठीत आल्यावर हा प्रत्यय खाण्यापुरता राहिला नाही, एखाद्या वाईट गोष्टीची सवय किंवा खोड असलेला माणूस दाखवायला आपण तो लावायला लागलो. भांडखोर, चुगलखोर, नफेखोर, दंगेखोर, हरामखोर. एक चांगला शब्द आठवून बघा खोर लावलेला. मेहनतखोर नाही, अभ्यासखोर नाही, मला तरी एकही आठवत नाही. म्हणजे घुसखोर म्हटलं की त्या माणसाने काय केलं एवढंच आपण सांगत नाही, तो स्वभावाने कसा आहे हेही सांगून मोकळे होतो. हिंदीत तर घूसखोर म्हणजे लाच खाणारा, घुसणाऱ्याला ते घुसपैठिया म्हणतात, त्यामुळे हिंदीवरून मराठी करणाऱ्यांनी इथे जपून राहा, एकदा मी स्वतः एका भाषांतरात लाचखोर अधिकाऱ्याचा घुसखोर अधिकारी झालेला पाहिलाय.

त्यातून मराठी वाचकाच्या डोक्यात या शब्दाची संगत कुठली आहे ते बघा. १९९९ ला कारगिलच्या शिखरांवर बसलेले ते घुसखोर, म्हणजे बंदूक घेऊन आलेले. म्हाडाच्या संक्रमण शिबिरात ज्यांनी खोल्या बळकावल्या त्यांनाही पेपरात घुसखोर म्हणतात, आणि ते काही परदेशातून आलेले नसतात, इथलेच असतात. आरक्षणाच्या वादात 'आमच्या कोट्यात घुसखोरी' असं येतं. तिन्हीकडे अर्थ समान आहे, दुसऱ्याची जागा बळाने किंवा लबाडीने घेणे. आता हा अर्थ घेऊन अमेरिकेत या.

तिथे कागदपत्रांशिवाय राहणारे सगळे काही कुंपण ओलांडून आलेले नाहीत. बरेच जण रीतसर व्हिसा घेऊन, विमानाने, इमिग्रेशनच्या काउंटरवर शिक्का मारून आत गेलेले आहेत आणि मुदत संपल्यावर परत गेले नाहीत. याला 'ओव्हरस्टे' म्हणतात. ज्याला दारात उभं राहून आत घेतलं तो घुसला कसा म्हणायचा? त्याने नियम मोडला, बरोबर, पण तो घुसण्याचा नाही तर वेळेत न निघण्याचा. तिथल्या कायद्यातही हा फरक आहे. तपासणी चुकवून सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण व्हिसाच्या मुदतीनंतर नुसतं राहणं हा फौजदारी गुन्हा नाही, ते दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन आहे आणि त्यासाठी देशाबाहेर काढता येतं. २०१२ च्या ॲरिझोना राज्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट लिहिलं, की हद्दपार होण्याजोग्या परकी माणसाने देशात नुसतं असणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा ठरत नाही. हा सगळा फरक घुसखोर शब्द एका फटक्यात पुसून टाकतो.

आता तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप, की 'अनडॉक्युमेंटेड' हा गोड केलेला शब्द आहे. यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. हा शब्द काही आकाशातून पडलेला नाही, मुद्दाम निवडलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ च्या डिसेंबरात ठराव करून सांगितलं होतं की अशा कामगारांसाठी सगळ्या अधिकृत कागदांत 'कागदपत्रं नसलेले' किंवा 'अनियमित' हे शब्द वापरा. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१३ च्या एप्रिलमध्ये आपल्या नियमावलीतून 'इललीगल इमिग्रंट' काढून टाकला, पण लक्षात घ्या, त्यांनी 'अनडॉक्युमेंटेड' पण घेतला नाही, ते म्हणाले बेकायदा हे विशेषण कृतीला लावा, माणसाला लावू नका. २०२१ मध्ये बायडन सरकारने इमिग्रेशन खात्यांना 'इललीगल एलियन' बंद करायला लावलं, आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प परत आल्याबरोबर पहिल्याच दिवशीच्या आदेशाच्या शीर्षकात 'आक्रमण' हा शब्द आला आणि आत सगळीकडे 'एलियन'. याच बायडन यांच्या तोंडून २०२४ च्या मार्चमध्ये संसदेसमोरच्या भाषणात 'ॲन इललीगल' असं निघालं, आणि दोनच दिवसांत मुलाखतीत त्यांना म्हणावं लागलं की मी तो शब्द वापरायला नको होता, 'अनडॉक्युमेंटेड' म्हणायला हवं होतं. म्हणजे तिथे या शब्दांवरूनच माणूस कुठल्या बाजूचा ते ओळखतात. भाषांतर करणाऱ्याने हे ओळखून चालायला पाहिजे, ज्याने जो शब्द वापरला त्याच्या तोंडी त्याच वजनाचा मराठी शब्द द्यायचा. ट्रम्प 'इललीगल एलियन' म्हणाले तर अवतरणात 'बेकायदा परकी लोक' असंच लिहा, ते सौम्य करायचा आपल्याला अधिकार नाही. पण बातमीच्या स्वतःच्या भाषेत, तुमच्या त्या वाक्यासारख्या साध्या माहितीच्या वाक्यात, आपण शब्द निवडतो आणि तिथे जबाबदारी आपली असते.

(एलियनचं 'परग्रहवासी' तर कुणी करणार नाही, पण देवनागरीत नुसतं 'एलियन' ठेवलं तरी मराठी वाचकाला तबकडीच आठवते. अमेरिकन कायद्यात त्याचा अर्थ एवढाच की जो तिथला नागरिक किंवा नॅशनल (नागरिकत्व नसलं तरी अमेरिकेचाच मानला जाणारा) नाही असा कोणीही. म्हणजे ग्रीन कार्ड असलेली आपली मंडळीसुद्धा. 'परकी नागरिक' पुरे.)

मग बेकायदा स्थलांतरित म्हणायचं का? एक युक्तिवाद असा केला जातो की माणूस बेकायदा असूच शकत नाही, फक्त काम बेकायदा असतं. मला हा मुद्दा माणुसकी म्हणून पटतो पण मराठी व्याकरण म्हणून पूर्ण पटत नाही. आपण बेकायदा फेरीवाला म्हणतोच की, अवैध सावकार म्हणतो. पण तिथे विशेषण जातं धंद्याला. फेरीवाला संध्याकाळी घरी गेला, पोराला मांडीवर घेऊन बसला की तो बेकायदा राहत नाही. स्थलांतरिताचं तसं नाही, तो झोपलेला असला तरी, दवाखान्यात असला तरी स्थलांतरितच असतो, म्हणून ते विशेषण त्याला चोवीस तास चिकटून बसतं. तेव्हा माझी पसंती अशी की 'बेकायदा वास्तव्य', 'बेकायदा प्रवेश' असं लिहा, तिथे तो शब्द शंभर टक्के बरोबर आहे, कठोरही आहे आणि खराही. आणि 'बेकायदा' पुरतं, 'बेकायदेशीर' चूक नाही पण मथळ्यात जागा खातं.

आता तुमचा शब्द, कागदपत्रं नसलेले. यात मराठीपुरती एक अडचण आहे जी इंग्रजीत नाही. महाराष्ट्रात 'कागदपत्रं नसलेला माणूस' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर परदेशी माणूस येतच नाही, माझ्यासमोर येतात पालावर राहणारे भटके-विमुक्त. पारधी, वैदू, डोंबारी. पिढ्यानपिढ्या इथलेच, पण जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, म्हणून जातीचा दाखला नाही, म्हणून रेशन कार्ड नाही. १९५२ ला गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्याने पुसला तरी कागद काही हातात आला नाही. म्हणजे आपल्याकडे कागद नसणं आणि परका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एक धरल्या की काय होतं ते आपण बघितलंय. २०२५ मध्ये मुंबईजवळ मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही बंगाली मजुरांना बांगलादेशी घुसखोर समजून उचललं, सीमेपार ढकललं, आणि नंतर ते भारतीय असल्याचं सिद्ध झाल्यावर परत आणावं लागलं. शब्द आधी लागला आणि तपास मागाहून झाला. मला याचा मनापासून त्रास होतो म्हणून इथे लिहितोय, शब्दचर्चेत हे कशाला असं कुणी म्हणू नये.

आणि उलट बाजूने, अमेरिकेतल्या त्या लोकांकडे कागद अजिबात नसतात असंही नाही. पासपोर्ट असतो, कर भरायचा नंबर असतो, कॅलिफोर्नियात तर २०१५ पासून ड्रायव्हिंग लायसन्सही मिळतं. नसते ती फक्त राहायची परवानगी. तिथली आपली आयटीवाली मंडळी यासाठी फार नेमका शब्द वापरतात, 'स्टेटस'. माझ्या आतेभावाची नोकरी गेली तेव्हा फोनवर आत्याला तो तेच सांगत होता, साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर स्टेटस जाईल. आत्याला कळेना, अरे पासपोर्ट आहे ना, व्हिसा आहे ना, मग काय जाणार? तिला शेवटी मी सांगितलं, आत्या, राहायचा परवाना जाईल. मग तिला लगेच कळलं. परवाना हा आपल्याकडचा इतका घरातला शब्द आहे, बंदुकीचा परवाना, दुकानाचा परवाना, आणि 'विनापरवाना' तर पाट्यांवर सगळीकडे असतं. मी म्हणेन हाच शब्द उचला.

आखातातलं उदाहरण घेतलं तर हे आणखी स्पष्ट होतं. आमच्या चिपळूण-दापोलीच्या पट्ट्यातून आखातात गेलेल्यांना विचारा. तिथे तुमचा राहायचा हक्क मालकाला बांधलेला असतो, कफाला म्हणतात त्या पद्धतीला, आणि पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवून घेणं बरीच वर्षं सर्रास चालायचं. पगार थकला म्हणून कामगार निघून दुसरीकडे कामाला लागला की मालक तो पळून गेल्याची तक्रार करायचा, सौदीत त्याला 'हुरूब' म्हणतात, आणि तक्रार नोंदली की तो माणूस बेकायदा ठरायचा. घुसला नाही, मुदत उलटवली नाही, कागद होते ते मालकाच्या कपाटात. अशांना तिथली मजूर मंडळी 'खल्लीवल्ली' म्हणतात, अरबीत त्याचा अर्थ जाऊ दे, सोड. २०२४ मध्ये यूएईने सप्टेंबर ते डिसेंबर माफी दिली तेव्हा असे लोक दंड न भरता घरी येऊ शकले. यांना घुसखोर म्हणून बघा, जीभ अडते.

गंमत म्हणजे मराठीत या माणसासाठी जुना शब्द आहे, 'परागंदा'. तोही फारसीच, अर्थ विखुरलेला. लढाईने, दुष्काळाने, साऱ्याच्या तगाद्याने रयत गाव सोडून दुसऱ्याच्या मुलखात गेली की गाव परागंदा झाला असं जुन्या कागदांत येतं. आणि मग सरकार काय करायचं, तर कौल द्यायचं, या, वस्ती करा, सुरुवातीची काही वर्षं सारा कमी घेऊ. जमीन पडून होती, कसायला माणूस हवा होता, म्हणून परागंदा झालेल्याची मनधरणी व्हायची. आज परागंदा म्हटलं की फरार आरोपी आठवतो, म्हणून तो तुमच्या भाषांतरात घाला असं मी म्हणणार नाही, पण हा शब्द कोशात पडून आहे हे आठवणीत ठेवा. 'देशोधडीला लागणे' हा त्याच घरातला वाक्प्रचार, आणि त्यातसुद्धा दोष जाणाऱ्याला नाही.

निर्वासित मात्र यात मिसळू नका, ती चूकही नेहमी दिसते. निर्वासित म्हणजे जिवाच्या भीतीने घर सुटलेला, फाळणीनंतर उल्हासनगरला आलेले सिंधी ते निर्वासित. ज्याने आश्रय मागितलाय आणि निर्णय व्हायचाय तो आश्रयार्थी, आणि त्याचा अर्ज चालू असेपर्यंत त्याला बेकायदा म्हणणं हे थेट चूक आहे. पंजाब-हरियाणातून एजंटला पैसे देऊन देशोदेशी टप्पे घेत जाणाऱ्यांसाठी तिकडचाच 'डंकी' शब्द आता मराठी पेपरांत रुळलाय, तो ठेवा, 'गाढव मार्ग' करू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात १०४ भारतीय होते आणि त्यातले ३ महाराष्ट्राचे, तेव्हा साधं 'अमेरिकेने परत पाठवलेले भारतीय' एवढं पुरत होतं, विशेषणाची गरजच नव्हती.

तर तुमचं वाक्य मी असं करेन: 'अमेरिकेत एक कोटीहून जास्त परदेशी लोक वैध परवान्याविना राहतात.' जागा कमी असेल तर 'विनापरवाना स्थलांतरित'. आणि बातमीत फक्त व्हिसा संपलेल्यांबद्दल असेल तर 'व्हिसाची मुदत उलटून राहिलेले', मुदत उलटणे हे आपलं रोजच्या बोलण्यातलं आहे, मुदतबाह्य नको, ते औषधाच्या बाटलीला लागतं.