दोन्ही स्पेलिंग बरोबर, मग लाल पेन कुठे?

इंग्रजी प्रूफरीडिंगला लागलास ना महापेला, मग पहिलं हे विचार की क्लायंट कुठला, कारण अमेरिकन असेल तर कलरमधला यू काढायचा, अमेरिकन कोशकार वेबस्टरच्या १८२८च्या डिक्शनरीतच तो नाहीये. आपण शाळेत ब्रिटिश शिकतो त्यामुळे ऑर्गनाइज झेडने दिसलं की लगेच लाल करतो, ते प्लीज करू नकोस, ऑक्सफर्डची डिक्शनरी स्वतः झेडच पुढे ठेवते. पण अ‍ॅनलाइज ब्रिटिशमध्ये एसनेच, तिथे ऑक्सफर्डपण झेड घेत नाही (इथे भलेभले अडकतात). कोर्टाचं जजमेंट ब्रिटनमध्येपण जीनंतरच्या ईशिवाय, आणि कॉम्प्युटरचा प्रोग्राम सगळीकडे एकाच एमवर संपतो. बाकी जे निवडशील ते अख्ख्या फाईलभर तेच ठेव, वर्डमध्ये भाषा सुरुवातीलाच सेट कर.