अंगभर रंग होता, तरी नोटीस का आली?

प्रश्न: मी पुण्यात बॉडी पेंटिंग करते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पहाटे दोन मॉडेलना (एक तरुणी, एक तरुण, दोघेही सज्ञान) वाघाचे पट्टे रंगवून शूट केलं. दोघांनी त्वचेच्या रंगाच्या चड्ड्या घातल्या होत्या, मुलीने छातीला सिलिकॉनची निपल कव्हर लावली होती आणि त्यावरून रंग दिला होता. रील टाकल्यावर आठवड्याभरात पोलिसांची नोटीस आली. त्यात भारतीय न्याय संहिता 296, महाराष्ट्र पोलीस अधिनियम 110 आणि माहिती तंत्रज्ञान कायदा 67 ही कलमं आहेत. अंगाचा इंचन् इंच रंगवलेला असताना ही नग्नता कशी? रील काढून टाकू का? पुढच्या महिन्यात गोव्यात शूट ठरलंय, त्याचं काय करू?

उत्तर: रील डिलीट करू नका, अर्काइव्ह करा. म्हणजे ती लोकांना दिसणार नाही, पण तुमच्याकडे राहील. नोटीस हातात पडल्यावर मूळ फाइली पुसल्या, तर पुरावा नष्ट केल्याचा (संहितेचं कलम 238) नवा आरोप ओढवू शकतो. शिवाय या प्रकरणात त्याच फाइली तुम्हाला वाचवणार आहेत.

आता मुख्य मुद्दा. ‘रंग म्हणजेच कपडा’ हा युक्तिवाद मनातून काढून टाका. रंगाला वस्त्र मानणारी तरतूद आपल्याकडे नाही. पण नुसतं उघडं अंग म्हणजे गुन्हा, असंही 296 म्हणत नाही. त्या कलमाला सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृती लागते, आणि त्या कृतीने इतरांना त्रास झालेला असावा लागतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणून एफआयआरची प्रत काढून आधी हे पाहा, की त्रास कोणाला झाला, तो माणूस तिथे हजर होता की त्याने फक्त रील पाहिली. पहाटे किनाऱ्यावर कोणी नव्हतं आणि तक्रारदाराने मोबाइलवरच सगळं पाहिलं असेल, तर 296 चा पाया डळमळतो.

110 वेगळं आहे. त्यात त्रासाची अट नाही. रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून दिसेल अशा रीतीने जाणूनबुजून, असभ्यपणे अंग उघडं टाकणं एवढं पुरतं. शिक्षा फक्त किरकोळ दंडाची, पण इथे रंगाने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो रंगाखाली काय होतं त्याने.

म्हणूनच तुमच्या मॉडेलच्या कमरेवर रंगातून जी बारीक शिवण उमटते, ती तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. अडचण अशी, की बॉडी पेंटिंग करणारे बहुतेक जण एडिटिंगमध्ये नेमकी तीच शिवण आणि कव्हरची गोल कड पुसतात. चित्र सुंदर दिसतं खरं, पण कपडे घातलेला माणूस रीलमध्ये नागडा दिसू लागतो. तपास अधिकारी रीलच पाहणार. तेव्हा एडिट न केलेल्या क्लिप, रंगवण्याआधीचे आणि रंगवतानाचे फोटो, कव्हर व चड्ड्यांची बिलं असं सगळं एकत्र करा. एक गोष्ट स्वतः तपासा: शूटच्या शेवटी मॉडेल समुद्रात उतरले होते का? पाण्यात विरघळणारा रंग घामाने आणि लाटेने ओघळतो, कव्हरचा गोंदही सुटतो. तसं काही एखाद्या क्लिपमध्ये असेल, तर तुमच्या वकिलाला ते पोलिसांच्या आधी माहीत असलं पाहिजे.

खरी काळजी घ्यायची ती 67 ची. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. तेही जामीनपात्रच आहे. मात्र तपासात 67-अ, म्हणजे उघड लैंगिक कृत्याचं कलम, वाढवलं तर शिक्षा पाच वर्षांवर जाते आणि जामिनाचा हक्क जातो. तसा सुगावा लागताच सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, कलम 482). नोटिशीवर सही कोणाची आहे तेही बघा. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही (कलम 78). तपास उपनिरीक्षक करत असेल, तर तो आक्षेप लेखी नोंदवा.

निकाल तुमच्या बाजूचे आहेत. अवीक सरकार प्रकरणात (2014) सर्वोच्च न्यायालयाने नग्न छायाचित्र म्हणजे आपोआप अश्लील नव्हे असं सांगितलं आणि आजच्या समाजाची कसोटी लावली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये तोकड्या कपड्यांतल्या नाचावरून दाखल झालेला जुन्या 294 चा (आधीच्या दंड संहितेतलं कलम, आताचं 296) गुन्हा रद्द केला. तुमच्या सर्वात जवळचा निकाल केरळ उच्च न्यायालयाचा, 5 जून 2023 चा. आईच्या उघड्या अंगावर मुलं रंगकाम करत असल्याचा तो व्हिडिओ होता. पुरुषांनी त्रिशूरच्या पुलिकळीत (वाघाच्या सोंगातल्या नाचात) अंग रंगवलेलं चालतं, मग बाईचंच अंग अश्लील का ठरावं, या अंगाने न्यायालयाने विचार केला आणि आईला दोषमुक्त केलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण वाचून दाखवण्याजोगा आहे. मात्र हेही लक्षात ठेवा: याच आईला 2020 मध्ये अटकपूर्व जामीन उच्च न्यायालयात मिळाला नव्हता आणि सर्वोच्च न्यायालयातही नाही. शेवटी सुटका होते, पण मधली वर्षं जातात.

नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खालची असेल, तर दिलेल्या तारखेला हजर राहा. अटी पाळल्या तर सहसा अटक होत नाही, गैरहजर राहिलात तर होऊ शकते. जबाब थोडक्यात आणि लेखी द्या. फोन मागितला तर जप्ती पंचनाम्यात फाइलींची हॅश व्हॅल्यू (फाइल नंतर बदलली का हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) नोंदवायला सांगा आणि जप्तीचं चित्रीकरण होतंय ना ते पाहा, त्याच संहितेच्या कलम 105 मध्ये ते सक्तीचं आहे. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज (तीच संहिता, कलम 528) रत्नागिरी जिल्ह्यासाठी आता कोल्हापूरला करायचा. ऑगस्ट 2025 पासून तिथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबईला जायला नको.

मॉडेल तरुणी कपडे बदलत असताना कोणी लपून चित्रण केलं होतं का, हेही तिला विचारा. तसं असेल तर तो गुन्हा चित्रण करणाऱ्याचा (भारतीय न्याय संहिता 77), आणि तक्रार करायचा हक्क तिचा आहे. आधी घेतलेली संमती तुमच्या कॅमेऱ्यापुरती होती, बघ्यांच्या मोबाइलसाठी नव्हती.

गोव्याचं शूट रद्द करायचं कारण नाही, उघड्या किनाऱ्यावर मात्र करू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम तिथे लागू नाही, पण 296 आणि 67 आहेतच. नोव्हेंबर 2020 मध्ये मिलिंद सोमण यांच्यावर किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाच्या फोटोवरून कोलवा पोलिसांनी जुन्या 294 आणि 67 खालीच गुन्हा नोंदवला होता. बंद स्टुडिओ किंवा कुंपणाआडची खासगी जागा घ्या. बाहेरच शूट करायचं असेल, तर एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे परवानगी मागा आणि अर्जात ‘बॉडी पेंट’ हे शब्द स्पष्ट लिहा. ‘फॅशन शूट’ म्हणून घेतलेली परवानगी अडचणीच्या वेळी उलटते. मॉडेलच्या वयाचा पुरावा आणि लेखी संमती फाइलला लावा. अठराच्या आतलं कोणी मदतनीस म्हणूनही जवळ नको, कारण मग पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) आड येतो. आणि या वेळी शिवण पुसू नका.