गार्ड आणि वॉर्ड हे इंग्रजी शब्द एकाच मुळाचे आहेत का?

हो, एकाच मुळाचे. मुंबईत तर दोन्ही रोज तोंडात असतात, लोकलचा गार्ड (२०२२ पासून रेल्वेने ट्रेन मॅनेजर केलंय, पण लोक गार्डच म्हणतात) आणि महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. मूळ शब्द जुना जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन ज्यात येतात ते भाषाकुटुंब), अर्थ नजर ठेवणं, राखण करणं. इंग्रजीत तो व ने सुरू होणारा आधीपासून होताच, तोच आपला वॉर्ड, म्हणजे पूर्वी शहराचा पहाऱ्यासाठी पाडलेला भाग.

तेच मूळ फ्रँक या जर्मॅनिक टोळीच्या लोकांमुळे फ्रेंचमध्ये शिरलं आणि तिथे पॅरिसकडच्या बोलीत सुरुवातीच्या व चा ग झाला, म्हणून गार्ड, गार्डियन. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडीकडे मात्र व टिकला, मग १०६६ ला तिथले नॉर्मन इंग्लंडवर चालून आले आणि पुढे त्यांच्या बोलीतून वॉर्डन, वॉर्डरोब हे शब्द इंग्रजीत आले. वॉर्डरोब म्हणजे कपडे राखायची जागा. रिवॉर्ड आणि रिगार्ड पण अशीच सख्खी जोडी.

मला सगळ्यात भारी वाटतात ते लपलेले शब्द. स्टुअर्ड म्हणजे मुळात घर राखणारा, आणि लॉर्ड तर चक्क भाकरी राखणारा, जुन्या इंग्रजीत तो 'पाव' आणि 'राखणदार' मिळून झालेला लांब शब्द होता, घासून घासून एवढासा उरला.

वॉरंटी-गॅरंटीत पण हाच व-ग चा फरक दिसेल, पण त्यांना या कुटुंबात मी धरणार नाही.