ग्रुपवर मन मोकळं करताना

गेल्या अंकात आम्ही ऑनलाइन मैत्रीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एकाच गोष्टीच्या दोन बाजू दिसल्या. लिहिणाऱ्याला वाटतं, आपलं कुणी ऐकलंच नाही. वाचणाऱ्याला कळत नाही, यावर लिहायचं तरी काय. काही पत्रं थोडक्यात, आमच्या उत्तरांसह देत आहोत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

शाळेतल्या मित्रमैत्रिणींचा आमचा चाळीस जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. ऑफिसात एक दिवस फार वाईट गेला, तो मी तिथे सविस्तर लिहिला. दोन अंगठे आले, एकाने हात जोडले, आणि दहा मिनिटांत कुणीतरी विनोद टाकला. मनाला फार लागलं. ग्रुप सोडावा का?

सोडायची घाई करू नका. इथे बेपर्वाईपेक्षा संख्येने जास्त घात केला आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. कुणीतरी अडचणीत आहे हे आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं, तेव्हा माणसं पटकन मदतीला धावली. इतरही ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा धावणारे कमी झाले आणि जे धावले तेही उशिरा. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण हेच गृहीत धरतो की आपल्यापेक्षा जवळचं कुणीतरी तुम्हाला फोन करेल.

म्हणून आधी माणूस ठरवा, मेसेज नंतर. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार आपल्या ओळखीच्या साधारण दीडशे माणसांत अगदी जवळची पाचच्या आसपास असतात आणि त्यांच्या बाहेरच्या वर्तुळासकट पंधरा. दुखलेलं सांगायची जागा त्या पाचांत आहे. चाळीस जणांचा ग्रुप सहलीची तारीख ठरवायला, जुने फोटो पाहायला उत्तम. तिथलं मौन म्हणजे मैत्रीचा निकाल नव्हे.

मग मेसेज. त्यात तीन गोष्टी असाव्यात: काय झालं ते एका वाक्यात, आता कसं वाटतंय ते एका वाक्यात, आणि समोरच्याकडून काय हवं आहे. तिसरी गोष्ट जवळजवळ सगळेच गाळतात आणि तिथेच बिनसतं, कारण वाचणाऱ्याला सल्ला द्यायचा, धीर द्यायचा की नुसतं ऐकायचं हे समजत नाही. आणि जे समजत नाही त्यावर माणूस अंगठा दाखवून मोकळा होतो. उदाहरणार्थ:

“आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं काम मोडीत काढलं. राग आलाय, रडूही येतंय. सल्ला नको, फक्त ऐक. रात्री नऊनंतर दहा मिनिटं फोन करशील का?”

चार-पाच ओळी पुरेत. सगळा प्रसंग पहिल्याच मेसेजमध्ये लिहिला, की घाईत असलेला माणूस “नंतर नीट वाचू” म्हणून तो बाजूला ठेवतो आणि विसरतो. शेवटी “असो, जाऊ दे” असंही लिहू नका. विषय संपला असं समजून लोक पुढे जातात. आणखी एक. ग्रुपमधला आपला मेसेज दाबून धरून ‘इन्फो’मध्ये कुणीकुणी वाचला हे पाहता येतं, ते पाहू नका. वाचणारा त्या क्षणी गाडीत होता की दवाखान्यात, हे ती यादी सांगत नाही. आपण मात्र तिच्यावरून माणसं जोखू लागतो.

मैत्रिणीला खूप वाट पाहून बढती मिळाली. मी “अभिनंदन!!” लिहून फुगे पाठवले. नंतर ती म्हणाली, “तुला फारसा आनंद झालेला दिसला नाही.” आणखी काय लिहायला हवं होतं?

तिचं म्हणणं मनावर घेण्यासारखं आहे. दुःखात कोण उभं राहिलं हे आपण लक्षात ठेवतो. पण आनंदाच्या बातमीवर कोण काय बोललं, याचाही नात्यावर परिणाम होतो. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांचा अभ्यास करून २००४ मध्ये हे मांडलं, आणि प्रतिसादाचे चार प्रकार सांगितले. बढतीच्या बातमीला लावून पाहा. “अरे वा, छान” हा थंड होकार. “आता कामाचा ताण वाढणार बघ” हा काळजीच्या वेषातला नकार. “बरं, शनिवारचं काय ठरलं?” ही चक्क बगल. आणि “सांग ना, कसं कळवलं तुला? तुझ्या त्या प्रकल्पाचा विषय निघाला का?” हा मनापासून दिलेला, बातमी पुढे नेणारा प्रतिसाद. नातं घट्ट करणारा हा एकच प्रकार निघाला. फुगे हे थंड होकारातच जमा होतात, कारण ते कुणालाही पाठवता येतात.

तर अशी बातमी आली की निदान एक प्रश्न विचारा, आणि तो फक्त तिलाच विचारता येईल असा असू द्या. तिने त्यासाठी केलेल्या खटपटीतली तुम्हाला माहीत असलेली एक गोष्ट नावानिशी काढा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा: “नव्या जागेवर पहिला दिवस कसा गेला?” हा दुसरा मेसेज फार थोडे लोक करतात, म्हणून तो लक्षात राहतो. तुमचे स्वतःचे दिवस वाईट चालले असतील तर उसना उत्साह आणू नका. “तुझ्यासाठी खरंच आनंद झालाय. मी सध्या थोडी ढासळलेली आहे, रविवारी निवांत ऐकते” हे प्रामाणिक आहे आणि पुरेसं आहे.

बातमी सांगणाऱ्यासाठीही एक गोष्ट. तुमचा आनंद ज्याला बोचण्याची शक्यता आहे (बरेच महिने नोकरी शोधणारा मित्र, मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी मैत्रीण) त्याला ग्रुपच्या आधी, वेगळं, आणि लिहून कळवा. फोनवर त्याला तिथल्या तिथे खुशी दाखवावी लागते. लेखी मेसेजमुळे स्वतःला सावरायला वेळ मिळतो.

एक मैत्रीण रोज रात्री अकराला तीच ती तक्रार लिहिते. मी ऐकते, समजावते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता तिचं नाव स्क्रीनवर आलं की छातीत धस्स होतं. तोडायचं नाही, पण झेपतही नाही.

ॲमंडा रोझ या संशोधिकेने २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींमध्ये हे नेमकं पाहिलं: दोघींनी एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळलं, की मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते. तुम्हाला तोडवत नाही आणि झेपतही नाही, याचं कारण इथे आहे. म्हणजे ऐकणं थांबवायचं नाही, ऐकण्याची तऱ्हा बदलायची.

आधी वेळ. रात्री अकराला दोघीही थकलेल्या असता, आणि थकलेल्या मनाला प्रत्येक अडचण आहे त्यापेक्षा मोठी दिसते. दिवसा, तिची तक्रार सुरू होण्याआधी लिहा: “रात्री दहानंतर माझं डोकं चालत नाही आणि तुला अर्धवट उत्तरं देते. संध्याकाळी सात ते साडेसात आपण बोलत जाऊ या का?” तक्रार ऐन भरात असताना हे सांगितलं तर ते दार लावून घेतल्यासारखं लागतं. दहानंतर तिचा चॅट म्यूट करा, आणि तिला तसं सांगून ठेवा. न सांगता गप्प झालात तर तिच्या यादीत एका दुःखाची भर पडेल.

मग प्रश्न. “पुढे काय झालं?” या प्रश्नाने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्याऐवजी, “कालपासून काय बदललं?” “यातलं तुझ्या हातात काय आहे?” “हेच माझ्या बाबतीत घडलं असतं तर तू मला काय सांगितलं असतंस?” तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी पडतो, कारण स्वतःकडे थोडं लांबून पाहिलं की माणूस आपोआप शहाणा सल्ला देतो. पण हे प्रश्न पहिल्याच दिवशी नकोत. ताज्या जखमेवर ते परीक्षेसारखे वाटतात. आधी पाच मिनिटं नुसतं ऐका.

लिहिण्याचाही उपाय सुचवून पाहा. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या अभ्यासात लोकांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला डाचणाऱ्या गोष्टीबद्दल लिहिलं. लिहिताना आणि लगेच नंतर त्यांना जास्तच वाईट वाटलं. हे तिला आधीच सांगा, नाहीतर ती पहिल्याच दिवशी सोडून देईल. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

दोन आठवड्यांहून जास्त काळ तिची झोप, भूक, कामात लक्ष हे सगळंच बिघडलेलं असेल, तर मैत्रीण पुरत नाही, डॉक्टर लागतो. “सोबत येऊ का?” असं विचारून अपॉइंटमेंट घेण्यापर्यंतची मदत करा.

मी गमतीने लिहिलं, “तुला काय, तू तर मोकळाच असतोस.” मित्राची नोकरी गेलेली होती, मला माहीत नव्हतं. तो गप्प झाला. मेसेज डिलीट करू का?

आता नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून पंधरा मिनिटं मेसेज दुरुस्त करता येतो आणि साधारण अडीच दिवस सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. पण दोन्हीची खूण मागे राहते. त्याने वाचल्यावर पुसलात तर त्याला राग आणि संशय असं दोन्ही येईल.

लेखी थट्टा आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी कळते. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, आपलं वाक्य उपरोधिक आहे की गंभीर हे वाचणारा ७८ टक्के वेळा ओळखेल, असा ईमेल पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा ओळखलं गेलं, आणि डोळे मिटून ठोकताळा केला तरी ५० टक्के येतं. आवाजात तेच सांगितलं तेव्हा बरंच जास्त कळलं.

म्हणून फोन करा, उचलला नाही तर अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट ठेवा: “नोकरीचं मला माहीत नव्हतं. माझं वाक्य लागलं असणार, माफ कर. कसा आहेस?” एवढंच. “माझा तसा हेतू नव्हता” याचं लांबलचक स्पष्टीकरण दिलंत, की तुमची समजूत काढायची जबाबदारी त्याच्यावर पडते. वाक्य ग्रुपवर लिहिलं असेल तर ग्रुपवरही एका ओळीत माफी मागा, मात्र नोकरीचा उल्लेख न करता. ती बातमी सांगायचा हक्क त्याचा आहे.

ग्रुपवर लिहिलेल्या खासगी गोष्टीचा स्क्रीनशॉट बाहेर गेला. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावली तर हे थांबेल?

नाही. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज नाहीसे करता येतात, पण तोवर कुणीही त्यांचा स्क्रीनशॉट घेऊ शकतं. एकदाच पाहता येणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप अडवतं, तरी दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढता येतोच. खासगी गोष्ट माणसावर विसंबून सांगायची असते, सेटिंगवर नाही. कुणी पाठवला हे कळलं असेल तर त्याच्याशी एकट्याशी बोला आणि ज्यांना पाठवला त्यांच्याकडून पुसून घ्यायला सांगा. कळलं नसेल तर ग्रुपवर चौकशी मांडू नका. निर्दोष माणसंच आधी दुखावतात.

एका मित्राने मध्यरात्री लिहिलं, “आता कशातच अर्थ नाही, सगळ्यांना माझा त्रासच आहे.” सकाळी म्हणाला, “सहज लिहिलं.” सोडून द्यावं का?

सोडू नका. आपण इतरांवर ओझं आहोत असं बोलणं हा गंभीर इशारा आहे, नंतर सारवासारव केली तरीही. आजच फोन करा आणि स्पष्ट विचारा: “जीव द्यावासा वाटतोय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. उलट, कुणीतरी थेट विचारलं याने माणूस मोकळा होतो. उत्तर “हो” आलं तर पुढचं विचारा: कसं करायचं ठरवलंय का, साधन जवळ आहे का? असेल तर फोन चालू ठेवा, त्याच्याजवळ पोहोचू शकेल अशा कुणाला तरी दुसऱ्या फोनवरून बोलावून घ्या, साधन त्याच्यापासून दूर करायला सांगा आणि तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला कळवा. “आईवडिलांचा विचार कर”, “लोकांना याहून मोठी दुःखं असतात” ही वाक्यं टाळा. स्वतःला ओझं समजणाऱ्याला ती आणखी अपराधी करतात. गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका. उत्तर “नाही” असं आलं तरी “उद्या सात वाजता फोन करतो” असं सांगा आणि सातलाच करा.

जवळच्या मैत्रिणीच्या मेसेजला आठ महिने उत्तर दिलं नाही. आता कोणत्या तोंडाने लिहू?

लिहा. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की अचानक विचारपूस केल्याचं अप्रूप समोरच्याला किती वाटेल, याचा आपला अंदाज सतत कमीच असतो. आणि अपेक्षा नसताना आलेली विचारपूस जास्तच भावते. माफी एका वाक्यात उरका, कारणांची यादी नको. मग तिच्या त्या जुन्या मेसेजमधलीच एखादी गोष्ट उचला: “आठ महिने उत्तर राहिलं, चूक माझी. तेव्हा तू घर बदलणार होतीस, झालं का? खिडकीतून काय दिसतं?” शेवटी “सवडीने लिही” घाला. तिचं उत्तर यायला आठवडा लागला तर मध्ये दुसरा मेसेज टाकू नका.