कारखान्याचा मॅनेजर म्हणून सेफ्टीच्या कायदेशीर जबाबदाऱ्यांवर लक्ष कसं ठेवायचं?

तुम्ही म्हणताय, नुकतेच मॅनेजर झालात, सेफ्टीचे कायदे-नियम इतके की काय कधी करायचं तेच कळत नाही, सगळं कन्सल्टंटवर सोपवलं तर चालेल का.

मी चाकणला प्रेस शॉप सांभाळतो, म्हणजे मशीनने पत्रा दाबून पार्ट बनवायचा विभाग, पंधरा वर्षं होत आली. कन्सल्टंट खुशाल ठेवा, आमच्याकडेही आहे. पण तो कागद सांभाळतो. मॅनेजर म्हणून नाव तुमचं लागलंय, आणि उद्या काही झालं तर खटल्यात ऑक्युपायरच्या, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या मालक-डायरेक्टरच्या, शेजारी तुमचंच नाव असतं.

तारखांसाठी माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. मालाची लिफ्ट दर सहा महिन्यांनी तपासायची. क्रेन, साखळ्या, स्लिंग (ओझं उचलायचे पट्टे-दोर) वर्षातून एकदा. फायरचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत. लिफ्ट-क्रेनची तपासणी मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडूनच. एवढं कॅलेंडर कोणीही लावेल. गोची पुढे आहे. एकदा आमच्या फाइलमध्ये चौदा स्लिंगची सर्टिफिकेटं होती आणि शॉपमध्ये मोजले तर एकोणीस निघाले. वरचे पाच मेंटेनन्सने घाईत आणलेले, ना नंबर ना टॅग. त्यातल्याच एकावर दीड टनाची डाय, म्हणजे प्रेसचा साचा, लटकत होती. तेव्हापासून मी फाइल हातात घेऊन वस्तू शोधत नाही, वस्तू दिसली की तिचा कागद मागतो.

कायदा बदललाय, तेही बघून ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या, 1948 चा कारखाने अधिनियम त्यातल्या सुरक्षा संहितेत गेला. जुने नियम नव्याशी विसंगत नाहीत तोवर चालू आहेत. पण आकडे हलले आहेत. सेफ्टी ऑफिसर पूर्वी हजार कामगारांना लागायचा, आता पाचशेला. आम्ही सहाशेच्या आसपास, त्यामुळे आम्हालाही माणूस नेमावा लागला. कन्सल्टंटला ‘काय बदललं’ असं मोघम विचारू नका, ‘आमच्या हजेरीपटाला काय लागू झालं’ असं विचारा. आणि डोकी मोजताना कॉन्ट्रॅक्टरची पोरं विसरू नका. बोट त्यांचंही तुटतं.

बोटावरून आठवलं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून टू-हँड बटणं असतात. एकदा रात्री दोनला मी सहज चक्कर मारली. एका ऑपरेटरचा डावा हात डायपाशी आणि प्रेस दणादण चालू. जवळ जाऊन बघितलं तर डाव्या बटणात आइस्क्रीमची काडी खोचलेली, वरून चिकटपट्टी. पोरगं विशीतलं, तीन महिन्यांपूर्वी लागलेलं. मी ओरडायच्या आधी तोच म्हणाला, “साहेब, दोन्ही हातांनी तासाला पाचशे बसत नाहीत.” पाचशेचा आकडा कोणी लिहिला होता? मीच. त्याच्या ट्रेनिंगच्या रजिस्टरवर त्याची सहीसुद्धा होती, अगदी व्यवस्थित.

त्याला मेमो दिला नाही. आकडा चारशेवीसवर आणला, त्यावरून वरच्यांशी दोन महिने वाजलं. सगळ्या प्रेसना असे रिले (बटणांवर नजर ठेवणारे स्विच) बसवले की दोन्ही बटणं एकदम दाबली नाहीत, किंवा प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडली नाहीत, तर मशीन हलतच नाही. काडी घातली तर प्रेस बंद पडते.

अपघात लपवू नका. माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही की कळवणं बंधनकारक आहे. ‘घरी बसव, हजेरी भरतो’ असा सल्ला देणारे भेटतील, अगदी तुमच्याच ऑफिसात.

आणि आज घरी जायच्या आधी एक बघा: फर्स्ट एड बॉक्सची किल्ली रात्री कोणाकडे असते? 1948 च्या कायद्यात दीडशे माणसांमागे एक बॉक्स लागायचा, आमच्याकडे तेवढे होते. कुलूप लावून. किल्ली एचआरच्या ड्रॉवरमध्ये, आणि एचआर सहाच्या बसने घरी. आता कुलपंच काढून टाकली आहेत. दर महिन्याला क्रेप बँडेज आणि मलम गायब होतं. तो खर्च मी धरूनच चालतो.