कॉलेजात नाव घातलं, पण वर्गात त्याला कळणार कसं?

प्रश्न: ताई, मी वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी फुकट शिकवते. त्यातला एक मुलगा जन्मापासून बहिरा आहे, 18 वर्षांचा, गणितात सगळ्यांच्या पुढे. बारावी झाली, त्याला कम्प्युटरचं शिकायचंय. वडील म्हणतात बास झालं आता, कामाला लावतो. मी पहिल्या वर्षाच्या फीचे पैसे जवळपास जमवलेत. एका कॉलेजात त्याला घेऊन गेले तर म्हणाले, ‘ॲडमिशन देतो, पण वेगळी सोय नाही, त्याचं त्याने बघायचं.’ मी पुढे जाऊ, की पोराला उगाच आशेला लावतेय?

उत्तर: अगं पुढे जा, नक्की जा. फक्त एक गोष्ट आधी कर. फीची रक्कम पूर्ण व्हायची वाट बघत बसू नकोस, वर्गात बसल्यावर त्याला कळणार कसं ते आधी ठरव, कारण अशी मुलं बऱ्याचदा फीमुळे नाही तर पहिल्या सहा महिन्यांत वर्गात काहीच न कळल्यामुळे कॉलेज सोडतात आणि मग सगळे म्हणतात, बघा, जमलं नाही त्याला.

लोकांना वाटतं ओठ वाचता येतात की, पुढच्या बाकावर बसवा म्हणजे झालं. तू आरशासमोर उभी राहून आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघ. तिन्हीला ओठ सारखेच हलतात. बोलण्यातले निम्म्याहून जास्त आवाज ओठांवर दिसतच नाहीत, बाकीचं त्याला अंदाजाने भरून काढावं लागतं, आणि अंदाज ओळखीच्या विषयात चालतो, नवीन विषय शिकताना कसा चालणार? त्यात सर फळ्याकडे वळून बोलले की संपलंच. मागे खिडकी असली की चेहरा काळोखा दिसतो, ते पण गेलं. हिअरिंग एड असेल तरी आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होतीलच असं नाही, आणि मोठ्या वर्गातला गोंगाटही त्यासोबत मोठा होतो.

त्यामुळे कॉलेजला ‘सोय आहे का’ असं मोघम विचारू नकोस, नेमकं मागायचं आणि लेखी मागायचं. साइन लँग्वेजचा, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेचा दुभाषा मिळेल का? मोठं लेक्चर असेल तर दोघं लागतात, साधारण 20-30 मिनिटांनी बदली करतात, कारण सतत दुभाषाचं काम केलं की डोकं थकतं आणि चुका व्हायला लागतात. ते नाहीच जमलं तर लेक्चरच्या नोट्स आदल्या दिवशी मिळतील का, व्हिडिओला कॅप्शन असतील का, तोंडी परीक्षेऐवजी लेखी घेतील का. आणि नोट्स काढून देणारा एक वर्गमित्र हवाच हवा, दुभाषा असला तरी हवा, कारण आपल्या पोराने लिहायला मान खाली घातली की समोरचे हात दिसत नाहीत. आपण ऐकता ऐकता लिहितो, त्याला ते शक्य नाही, हे बऱ्याच प्राध्यापकांच्या खरंच लक्षात आलेलं नसतं. फोनवरचं बोलणं लिहून दाखवणारं ॲप फुकट मिळतं, माइक सरांच्या जवळ असेल तर बरं चालतं, गोंगाटात आणि विषयातल्या अवघड शब्दांना गडबडतं, म्हणून जोडीला ठेव, पण एकट्या त्याच्या भरवशावर नको.

हे सगळं मागताना संकोच करू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या कलम 24 मध्ये उच्च शिक्षण आणि त्यासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी स्पष्ट लिहिल्यात, आणि जगातल्या बहुतेक सगळ्या देशांनी तो मान्य केलाय.

वडिलांवर रागावू नकोस गं. त्यांच्यासाठी प्रश्न नुसत्या फीचा नाहीये, पोरगा कमवून आणेल ते पैसे पण जाणार, त्यात येणंजाणं, मोबाइलचा डेटा, कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या. म्हणून हिशोब तीन वर्षांचा मांड. अपंगत्वाचं प्रमाणपत्र अजून नसेल तर उद्याच त्याच्या मागे लाग, कारण बहुतेक स्कॉलरशिपना ते लागतं आणि मिळायला वेळ जातो. आणि शिकून नोकरीला लागलेल्या एखाद्या बहिऱ्या माणसाशी वडिलांची गाठ घालून दे, तुझ्या-माझ्या दहा वेळा सांगण्याने होणार नाही ते त्या एका भेटीत होईल. पोरासाठी पण ती भेट गरजेची आहे, त्याने असा माणूस कदाचित पाहिलेलाच नसेल. त्याला अँड्र्यू फॉस्टरबद्दल सांग. अमेरिकेतल्या खाण कामगाराचा मुलगा, कृष्णवर्णीय, 11 व्या वर्षी मेंदूज्वराने ऐकू येईनासं झालं, शाळा पुढे पत्रद्वारे पूर्ण केली, आणि 1954 मध्ये गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या कॉलेजातून पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. नंतर आफ्रिकेत जाऊन बहिऱ्या मुलांसाठी त्याने 30 हून जास्त शाळा काढल्या.

अजून एक, हे जरा स्पष्टच बोलते. पूर्ण पत्रात तू, वडील, कॉलेज सगळे बोलतायत, तो कुठेच बोलत नाहीये. पुढच्या वेळी ऑफिसात गेलीस की तू मागे उभी राहा, त्याला वहीवर किंवा फोनवर लिहून स्वतः विचारू दे, दहा मिनिटं जास्त लागली तर लागू देत. त्याच्या लिहिण्यात व्याकरणाच्या चुका असतील तर लाजू नकोस, त्यालाही लाजवू नकोस, जी भाषा कधी कानावर पडलीच नाही ती लिहिणं किती कठीण असेल. पण कोर्स सुरू होईपर्यंत रोज थोडं वाचन करून घे, तिथे पुस्तकंच त्याला सगळ्यात जास्त साथ देणारेत. आणि शिकवताना ‘कळलं का?’ विचारत जाऊ नकोस, न कळताही मान डोलवायची सवय लागलेली असते, ‘काय कळलं ते लिहून दाखव’ म्हण.

कॉलेजचं उत्तर लेखीच घे. नकार दिला तरी तो कागद जपून ठेव, वरच्या ऑफिसात तक्रार करताना तोच दाखवावा लागतो. आणि एकाच कॉलेजवर अडून बसू नका, अजून दोन-तीन ठिकाणी सोयी मागणारं हेच पत्र त्याच्या सहीने याच आठवड्यात जाऊ दे.