हरिकेनच्या मदतकार्यातले स्वयंसेवक आमच्या क्लबच्या सभेत बोलणार आहेत, त्यांना काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात राहणारं एक मराठी जोडपं पुण्यात आलंय, २०२४ च्या हेलीन हरिकेननंतर त्यांनी तिकडे मदतीचं काम केलं, आणि आता ते तुमच्या सेवा क्लबच्या सभेत बोलणार आहेत. कार्यक्रम नुसताच फोटो बघण्याचा होऊ नये, ही तुमची काळजी. आमचा क्लब कोथरूडचा. २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर आम्ही श्रीवर्धनच्या बाजूला काम केलं होतं, त्या जोरावर सांगतो.

पहिल्या आठवड्याबद्दल फार विचारू नका. ते पाहुणे आपणहून सांगतीलच, आणि पहिल्या आठवड्यात सगळं जगच धावत असतं. टीव्हीवाले निघून गेल्यानंतरचं विचारा. हेलीन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं, पण सगळ्यात जास्त माणसं गेली ती शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात. तिथल्या ॲशव्हिल शहरात नळाचं पाणी पुन्हा पिण्याजोगं व्हायला ५३ दिवस लागले. म्हणजे थेट विचारा: एवढे दिवस संडासात ओतायचं पाणी कुठून आणलंत? जिना चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत बादल्या कोण पोचवत होतं? तिसऱ्या आठवड्यात किती स्वयंसेवक उरले होते? याची उत्तरं तुमच्या क्लबला जन्मभर पुरतील.

दुसरा प्रश्न जरा अवघड वाटेल, पण विचाराच: आलेल्या मदतीतलं काय वाया गेलं? निसर्ग ३ जून २०२० च्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं. घरंच्या घरं उघडी पडली, विजेचे खांब आडवे, मोबाईल बंद, आणि डोक्यावर आलेला पावसाळा. पुण्याहून मात्र निघालं धान्य, बिस्किटं आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. एका आजींनी साखरेची पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, “ठेवू कुठं रे बाबा? वर बघ.” वर आढं होतं, वासे होते, आणि त्यांच्यामधून सरळ आभाळ. त्या घराला हवी होती जाड ताडपत्री, मग पत्रे. पत्रे आले तरी भागत नाही. ते आवळायला इंग्रजी J च्या आकाराचे हुक लागतात, हुकाच्या नटाखाली वॉशर लागतो, नाहीतर भोकातून पाणी गळतं. आणि हे सगळं घेऊन वर चढणारा माणूस लागतो, जो लॉकडाऊनमुळे आपल्या गावी निघून गेलेला. आम्ही पाठवलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात जास्त मागणी कशाला आली असेल तर बोहरी आळीतून घेतलेल्या हुकांच्या पोत्याला. फोटोत ते पोतं काहीच दिसत नाही, हा भाग वेगळा.

याच ओघात बागायतीचं. सरकारने फळबागांची भरपाई वाढवून हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरं वाटतं, पण कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, आणि एका गुंठ्यात सुपारीची कितीतरी झाडं उभी असतात. पडलेल्या झाडाच्या जागी लावलेलं रोप धरायला लागेपर्यंत पाच-सात वर्षं जातात, ती वेगळीच. बागायतदारांनी झाडामागे भरपाई मागितली ती त्यामुळे. तुमच्या पाहुण्यांनाही विचारा: सरकारी पैसा कुठल्या मापात बसणाऱ्यांना मिळाला आणि कोण मापाबाहेर राहिलं? क्लबासारख्या छोट्या संस्थेला खरं काम असतं ते या मापाबाहेरच्या माणसांमध्ये.

तिकडची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. फेमा ही त्यांची केंद्रीय आपत्ती यंत्रणा सार्वजनिक कामांच्या खर्चाचा साधारणपणे किमान ७५ टक्के भार उचलते. उरलेला राज्याने आणि स्थानिक संस्थांनी सोसायचा, आणि त्यात स्वयंसेवकांचे तास पैशात मोजून धरता येतात. म्हणून तिकडे येताना-जाताना नोंद करायची शिस्त: नाव, ठिकाण, काम, किती वाजता आला, किती वाजता गेला. जोडप्याकडे अशा कागदाचा फोटो असेल तर तो आवर्जून मागवा. आपल्याकडे त्यातून पैसे सुटणार नाहीत, पण कोण कुठल्या वाडीवर गेलंय आणि संध्याकाळी परत आलंय की नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

त्यांच्या घरदुरुस्तीच्या तंत्रात फार वेळ घालवू नका. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची, आतून जिप्समचे बोर्ड. पुराचं पाणी शिरलं की ते बोर्ड फाडून काढावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. जांभ्याच्या भिंतीला त्याचा उपयोग शून्य. बुरशीच्या घरात मास्क कुठला वापरला, हे तेवढं विचारून घ्या.

सभेचं म्हणाल तर प्रश्न चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. आयत्या वेळी विचारलं तर माणूस फक्त भावना सांगतो. परिचय दोन वाक्यांत आटपा. पुण्यात पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांपेक्षा जास्त बोलतो, शाल-श्रीफळ धरून अर्धा तास तिथेच जातो. आणि जमलं तर श्रीवर्धन किंवा दापोलीकडच्या एखाद्या बागायतदाराला त्याच दिवशी बोलवा. मदत देणारा आणि घेणारा एका टेबलाशी बसले की देणारा जरा जपून बोलतो. येताना त्यांना ताम्हिणी घाट पडेल, त्यामुळे तारीख पावसाळ्यातली नको, आणि गाडीखर्च क्लबाने द्यायचा हे आधीच ठरवून टाका.